कोल्हापूर ते तिरुपती : अंतर एक, वेळा अनेक

कोल्हापूरचा उजळाईवाडी येथील विमानतळ आणि तिरुपतीजवळचा रेणिगुंटा विमानतळ यांच्यातले सरळ हवाई अंतर ६५७ किलोमीटर आहे. रेल्वेने हेच अंतर सुमारे नऊशे किलोमीटर भरते. रस्त्याने बेळगाव, हुबळी, बंगळूर करत गेले तर ते साडेआठशेच्या आसपास जाते. अंतराचा आकडा असा एका ओळीत सांगून मोकळे होता येते. त्याला जोडून येणारा प्रश्न, म्हणजे विमानाला वेळ किती लागतो, मात्र इतका सरळ नाही. कोणते विमान, कोणता महिना, जाताना की येताना, आणि वेळ मोजायची कुठून कुठपर्यंत, हे सगळे ठरल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

या मार्गाला महत्त्व आहे ते देवस्थानांमुळे. दरवर्षी नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला मानाचा शालू येतो, आणि बालाजीचे दर्शन झाले की कोल्हापूरला येऊन अंबाबाईच्या पाया पडायचे, अशी असंख्य भाविकांची रीत आहे. इंडिगोने २०१९च्या मे महिन्यात ७२-६०० जातीच्या एटीआर विमानाने ही दोन गावे थेट जोडली. त्यापूर्वी कोल्हापूरकराला बंगळूर, हैदराबाद किंवा चेन्नई गाठून पुढे जावे लागे, नाहीतर हरिप्रिया एक्सप्रेसने रात्र काढावी लागे.

प्रादेशिक विमानतळांमधला प्रवास अंतराने मोजावा की वेळेने, यावर दोन पक्ष संभवतात. ते येथे दोघांच्या तोंडून मांडले आहेत. एक आहेत भूगोलाचे निवृत्त शिक्षक. दुसरा त्यांचाच विद्यार्थी, जो आता विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. उड्डाणापूर्वी मार्ग, उंची, इंधन आणि हवामान यांचा हिशेब करून वैमानिकाच्या हाती देणे हे डिस्पॅचरचे काम. या दोघांना नावे दिलेली नाहीत, कारण मुद्दा व्यक्तींचा नाही.

शिक्षक : अंतर हा पृथ्वीचा गुण आहे. विमान बदलेल, कंपनी बदलेल, भाडे बदलेल, पण कोल्हापूर आणि रेणिगुंटा यांच्यातले अंतर उद्याही तेवढेच राहील. ज्याला तुलना करायची आहे त्याने न बदलणारी गोष्ट हातात धरावी. आणि हे अंतर मोजायला कुठले यंत्र लागत नाही, शाळेतले गणित पुरते.

डिस्पॅचर : सर, तुम्ही वर्गात ते गणित घालायचा. पण आज इथे पुन्हा एकदा सांगा, म्हणजे आपल्या दोघांचा हिशेब एकाच जागेवरून सुरू होईल.

शिक्षक : ऐक तर. कोल्हापूर विमानतळ १६ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७४ अंश १७ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. तिरुपतीचा विमानतळ १३ अंश ३८ मिनिटे उत्तर, ७९ अंश ३३ मिनिटे पूर्व. अक्षांशातला फरक ३ अंश २ मिनिटे, म्हणजे १८२ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. तेव्हा दक्षिणेकडे १८२ सागरी मैल उतरायचे. रेखांशातला फरक, सेकंदही हिशेबात धरून, ३१५ मिनिटांचा. पण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे १५ अंश ९ मिनिटांच्या कोटिज्येने गुणायचे. ती येते ०.९६५. गुणाकार ३०४. आता १८२ आणि ३०४ या काटकोनाच्या दोन बाजू. कर्ण येतो साधारण ३५४ सागरी मैल, किलोमीटरमध्ये ६५६च्या थोडे वर. गोलाकार पृथ्वीचे काटेकोर सूत्र वापरले तर ६५७. ध्रुवांपाशी किंचित चपटी असलेली खरी पृथ्वी धरली तरी इथे किलोमीटरभराचासुद्धा फरक पडत नाही.

एवढ्या छोट्या अंतरावर आणखी एक सोय होते. मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या प्रवासात नकाशावरची सरळ रेघ आणि पृथ्वीगोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग यांच्यात शेकडो किलोमीटरची तफावत येते. कोल्हापूर-तिरुपतीच्या बाबतीत हा फरक वीस मीटरांच्याही आत आहे. विषुववृत्ताजवळच्या, सहाशे-सातशे किलोमीटरच्या प्रवासात भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवून काढलेली रेघ निर्धास्त वापरावी.

ही रेघ ओढून पाहण्यासारखी आहे. ती कोल्हापूरहून आग्नेयेला निघते. बदामी तिच्यापासून आठ-दहा किलोमीटरच्या आत राहते. पुढे हंपी, तेही तितकेच जवळ. बरोबर मध्यबिंदूवर बळ्ळारी शहर येते आणि त्यानंतर अनंतपूर. चालुक्यांची राजधानी आणि विजयनगरची राजधानी या दोन्ही एकाच हवाई रेषेला लागून असाव्यात, आणि त्या रेषेचे टोक कृष्णदेवरायाने ज्याला भरभरून दागिने वाहिले त्या वेंकटेशाच्या पायथ्याशी पोचावे, हा योगायोगच आहे. पण खिडकीशी बसणाऱ्याने तो जाणून घ्यावा. हरिप्रिया एक्सप्रेसही बळ्ळारीवरूनच जाते. मात्र तिथे पोचेपर्यंत ती मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी, गदग असा वळसा घेते आणि नंतर गुंतकल, कडप्पा करत रेणिगुंट्याला येते. रेल्वेचे अंतर सरळ रेषेच्या जवळजवळ १.४ पट होते ते या वळशांमुळे.

डिस्पॅचर : हिशेब पक्का आहे, सर. पण ज्या ६५७ किलोमीटरवर तुम्ही भर देता ते कुठलेच विमान उडत नाही.

शिक्षक : म्हणजे?

डिस्पॅचर : विमान धावपट्टीच्या दिशेने उडते आणि धावपट्टीच्या दिशेनेच उतरते. कोल्हापूरची धावपट्टी साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य आहे. वारा पश्चिमेचा असेल तर विमानाला पश्चिमेकडे तोंड करून उडावे लागते, आणि जायचे असते आग्नेयेला. तिथे पहिलाच वळसा पडतो. तिरुपतीची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम. तिथेही वाऱ्यानुसार एकतर सरळ शिरता येते, नाहीतर विमानतळाला वळसा घालून पलीकडून यावे लागते. मधला मार्ग ठरावीक बिंदूंना जोडणारा असतो, शिवाय संरक्षण दलांची राखीव हवाई क्षेत्रे टाळायची असतात. मी ६५७वर तीसेक किलोमीटर वाढवूनच हिशेबाला बसतो.

शिक्षक : तीस किलोमीटर म्हणजे पाच टक्केही नाहीत. त्याने माझा आकडा खोटा ठरत नाही.

डिस्पॅचर : अंतराचा नाही ठरत. पण त्यावरून लोक वेळ काढतात तो ठरतो. एटीआरचा वेग ताशी ५०० किलोमीटर. ६५७ भागिले ५००, एक तास एकोणीस मिनिटे. असे कुणी सांगितले आणि प्रवाशाने त्यावर पुढची गाडी ठरवली, तर ती गाडी चुकणार.

वाद येथे खऱ्या गाभ्याशी येतो. अंतराला वेगाने भागून वेळ काढण्याची पद्धत मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या अंतरावर बरीच जवळचे उत्तर देते. अंतर कमी होत जाते तसतशी ती फसत जाते. कारण उड्डाणातला काही वेळ अंतरावर अवलंबूनच नसतो. विमान दोनशे किलोमीटर जाणार असो की दोन हजार, इंजिने सुरू करणे, धावपट्टीच्या टोकाशी जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे, उतरल्यावर थांब्यावर येणे, हे सगळे करावेच लागते. लांबच्या प्रवासात हा वेळ जाणवत नाही. जवळच्या प्रवासात तोच मोठा वाटा खातो.

डिस्पॅचरचा हिशेब असा चालतो. भारतात पूर्वेकडे जाणारी विमाने विषम हजार फुटांच्या पातळीवर उडतात आणि पश्चिमेकडे जाणारी सम हजारांच्या. कोल्हापूर-तिरुपतीची दिशा सुमारे १२० अंशांची, म्हणजे पूर्वेच्या बाजूची. एटीआरसाठी १७ हजार फूट ही सोयीची पातळी धरली, तर कोल्हापूरच्या सुमारे दोन हजार फूट उंचीच्या पठारावरून तिथे पोचायला पंधराएक मिनिटे लागतात. चढताना विमान संथ असते. त्या वेळात पंच्याऐंशी किलोमीटरच कापले जातात. उतरण्याचा ढोबळ नियम हजार फुटांना तीन सागरी मैल असा आहे. तिरुपतीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे फुटांवर, म्हणून जवळजवळ सगळे १७ हजार फूट उतरायचे. त्याला ५१ सागरी मैल, म्हणजे ९५ किलोमीटर लागतात आणि चौदाएक मिनिटे जातात. वळशांसह अंतर ६८७ धरले, तर पूर्ण वेगाने उडायला पाचशेच्या आसपास किलोमीटर उरतात. त्याचा एक तास. हवेतला वेळ झाला सुमारे दीड तास. त्यात दोन्ही टोकांची जमिनीवरची दहा-अकरा मिनिटे मिळवली की एक तास चाळीस मिनिटे होतात. साध्या भागाकाराने एक तास एकोणीस मिनिटे आली होती. एकवीस मिनिटे कुठे गेली, याचा हा पुरावा.

विमानसेवेत या पूर्ण वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांना लावलेले अडसर काढून विमान हलते तिथून हा वेळ सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर थांब्यावर चाकांना पुन्हा अडसर लागतात तिथे संपतो. वेळापत्रकात छापलेली निघण्याची आणि पोचण्याची वेळ ही याच हिशेबाची असते. चाके जमिनीवरून सुटल्यापासून ती पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ वेगळा, आणि तो नेहमीच कमी असतो. दोन ठिकाणी दोन वेगळ्या वेळा दिसल्या तर बहुधा कुणीतरी हवेतला वेळ आणि कुणीतरी ब्लॉक टाइम सांगत असतो.

शिक्षक : ठीक आहे. पण तुझ्या या हिशेबातसुद्धा पाया माझाच आहे. ६५७ नसते तर तू ६८७ कशावरून काढले असतेस? इंधन किती भरायचे, हेही अंतरावरूनच ठरवतोस ना?

डिस्पॅचर : सुरुवात अंतरावरून होते, शेवट वेळेवर होतो. इंजिन तासाला किती इंधन पिते यावर हिशेब चालतो. प्रवासाचे इंधन, त्यावर अडीअडचणीसाठी पाच टक्के, तिरुपतीला उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळ गाठण्याचे, आणि त्यानंतरही पंधराशे फुटांवर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे शेवटचे राखीव. आणि हा अर्धा तास अंतरात मोजलेला नाही सर, तो वेळेतच मोजलेला आहे. कारण हवेत असलेल्या माणसाला किती किलोमीटर उरले यापेक्षा किती मिनिटे उरली, हे आधी कळायला हवे.

शिक्षक : हा मुद्दा मला मान्य आहे.

वारा हा डिस्पॅचरच्या पक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार. अंतराला दिशा नसते; कोल्हापूरहून तिरुपती जेवढे लांब, तेवढेच तिरुपतीहून कोल्हापूर. वेळेला मात्र दिशा असते. ताशी ४० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर ५०० किलोमीटर वेगाचे विमान जमिनीच्या हिशेबाने ५४० किलोमीटर वेगाने सरकते आणि ६५७ किलोमीटर ७३ मिनिटांत कापते. तोच वारा समोरून आला की वेग ४६० होतो आणि ८६ मिनिटे लागतात. एकाच मार्गावर, एकाच विमानाने, एकाच दिवशी जाण्यायेण्यात तेरा मिनिटांचा फरक. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जाताना वाचलेली मिनिटे येताना गेलेल्या मिनिटांची पूर्ण भरपाई करत नाहीत. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून १५८ मिनिटे लागली असती, या वाऱ्यात १५९ लागतात. विमान संथ वेगात जास्त वेळ काढते आणि जलद वेगात कमी, त्यामुळे वारा कुठल्याही बाजूचा असला तरी जाऊन-येऊन नुकसानच होते. वारा जितका जोरदार, तितके ते मोठे.

दख्खनवरच्या वाऱ्यांचा स्वभाव ऋतूनुसार पालटतो. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेचा वारा असतो, म्हणून तिरुपतीकडे जाणे लवकर होते. पावसाळ्यात जमिनीलगतचा वारा नैऋत्येचा राहतो, पण खूप उंचावर चित्र उलटे होते. तिथे पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरदार प्रवाह वाहतो. उष्ण कटिबंधातला पूर्वेचा जेट प्रवाह म्हणून तो ओळखला जातो, आणि १९५०च्या दशकात त्याचा अभ्यास मांडण्याचे श्रेय भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांच्याकडे जाते. एटीआर त्या उंचीवर जातच नाही. जेट विमान त्याच्या कडेला पोचते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडे येणाऱ्या जेटला तो ढकलतो.

शिक्षक : मग जेट विमानच का वापरत नाहीत? वेग दीडपटीहून जास्त. तुझी सगळी तक्रार तिथे संपते.

डिस्पॅचर : तक्रार संपत नाही सर, थोडी कमी होते. एम्ब्रेअर १७५ घ्या. आपल्या जिल्ह्यातल्याच घोडावत समूहाची स्टार एअर ते प्रादेशिक मार्गांवर चालवते, ७६ आसनांचे. त्याचा वेग ताशी ८०० धरा. भागाकाराने ४९ मिनिटे येतात. पण ते ३३ हजार फुटांवर जाणार. चढायला पंधरा मिनिटे आणि दीडशे किलोमीटर, उतरायला एकशेऐंशी किलोमीटर आणि अठरा मिनिटे. म्हणजे अर्धा प्रवास चढण्या-उतरण्यातच गेला. खऱ्या वेगाने उडायला साडेतीनशे किलोमीटर उरले. हवेतला वेळ एक तास, ब्लॉक टाइम एक तास दहा मिनिटे. एटीआरपेक्षा अर्धा तास कमी, एवढेच.

शिक्षक : अर्धा तास काही कमी नाही.

डिस्पॅचर : तिकीट काढणाऱ्याला नाही, पण विमान कंपनीला तो महाग पडतो. जेटला इंधन जास्त लागते, आणि लहान धावपट्टीवर त्याचे वजन सांभाळावे लागते.

धावपट्टीचा विषय कोल्हापुरात जिव्हाळ्याचा आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, संस्थानाने उभारलेला हा विमानतळ. त्याची धावपट्टी दीर्घकाळ १,३७० मीटरची होती आणि एटीआरसारखे विमान हीच तिथली मर्यादा होती. ती पुढे १,९३० मीटरपर्यंत वाढवली गेली, तेव्हा प्रादेशिक जेटसाठी दार उघडले. उन्हाळ्याच्या दुपारी हवा तापून विरळ होते. त्यात दोन हजार फुटांचे पठार. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो आणि उडायला धावपट्टी जास्त लागते. मग प्रवासी किंवा सामान कमी करणे एवढाच उपाय उरतो. अंतर तेच राहिले तरी मे महिन्यातल्या दुपारी दोनची फेरी आणि सकाळी आठची फेरी सारखी नसते. म्हणून लहान धावपट्टीच्या गावांनी सकाळच्या वेळेचा आग्रह धरावा. या मागणीला जोर आहे आणि ती शास्त्राला धरून आहे.

शिक्षक : आता माझ्या बाजूचे एक ऐक. सरकारची उडान योजना आली २०१६ साली. पहिले विमान उडाले २७ एप्रिल २०१७ला, शिमला ते दिल्ली. त्या योजनेत भाड्याची मर्यादा कशावर ठरली? अंतरावर. पाचशे किलोमीटरच्या आसपासच्या प्रवासाला अडीच हजार रुपये. अंतराचे टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्याला मर्यादा आणि मदत ठरवली. वेळेवर ठरवली असती तर प्रत्येक कंपनीने आपापला वेळ पुढे केला असता. सार्वजनिक पैसा वाटायचा असेल तर कुणालाही ताणता न येणारे मापच लागते.

डिस्पॅचर : पण सर, त्याच मर्यादेचे वर्णन ‘एक तासाचे विमान, अडीच हजार रुपये’ असे केले गेले. म्हणजे योजनेनेच पाचशे किलोमीटर आणि एक तास एकच धरले. एटीआरच्या सरळ वेगाने ते बरोबर आहे. प्रत्यक्ष ब्लॉक टाइममध्ये पाचशे किलोमीटरला सव्वा तासाच्या आत विमान थांब्यावर लागत नाही. कंपनीचा खर्च कशावर चढतो? वैमानिकांची कामाची वेळ, इंजिनाचे तास, देखभालीचे तास, सगळे वेळेवर. मदत अंतरावर मिळते आणि खर्च वेळेवर होतो. प्रादेशिक मार्ग तोट्यात जातात त्याचे एक कारण या दरीत आहे.

या मुद्द्यावर दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि निवाडा देणे भाग आहे. मदतीचे माप अंतरच असावे. शिक्षकांचा युक्तिवाद तिथे मोडत नाही. पण अंतराच्या प्रत्येक किलोमीटरला सारखी मदत दिली तर जवळच्या मार्गांवर अन्याय होतो, कारण चढण्या-उतरण्याचा आणि जमिनीवरचा वेळ तिथे तेवढाच असतो आणि तो थोड्या किलोमीटरांवर वाटला जातो. त्यासाठी प्रत्येक उड्डाणाला एक ठरावीक रक्कम आणि त्यावर अंतरानुसार रक्कम, अशी रचना जास्त न्याय्य ठरेल. मदत तीन वर्षांनी थांबते आणि त्यानंतर देशभरातले कितीतरी मार्ग बंद पडले आहेत. ज्या गावांना नुकतीच विमानाची सवय लागली होती त्यांना हा धक्का फार लागतो, आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर ब्लॉक टाइमसुद्धा अपुरा ठरतो. कोल्हापूरच्या शाहूपुरीतून उजळाईवाडीला पोचायला अर्धा तास. विमान कंपन्या दोन तास आधी यायला सांगतात. एटीआरचा एक तास चाळीस मिनिटांचा प्रवास. सामान हाती यायला वीसेक मिनिटे. रेणिगुंटा विमानतळापासून तिरुपती शहरात जायला आणखी अर्धा तास. सगळे मिळून पाच तास. ६५७ किलोमीटरला पाच तास म्हणजे ताशी १३१ किलोमीटर. ताशी पाचशे किलोमीटरने उडणाऱ्या विमानाचा दारापासून दारापर्यंतचा वेग हा असा पडतो. जेटने गेले तर साडेचार तास, म्हणजे ताशी १४६ किलोमीटर. आकाशातला वेग साठ टक्क्यांनी वाढला तरी माणसाच्या प्रवासाचा वेग जेमतेम अकरा टक्क्यांनी वाढला. प्रादेशिक विमानसेवेतला खरा वेळ जमिनीवर जातो. गावापासून विमानतळापर्यंतचा रस्ता, तपासणीची रांग आणि सामानाचा पट्टा या तिन्ही गोष्टी सुधारल्या तर नव्या वेगवान विमानाइतकाच, किंबहुना जास्त वेळ वाचतो, आणि त्याला खर्चही कमी येतो.

शिक्षक : आणि हरिप्रिया?

डिस्पॅचर : सुमारे वीस तास. पाचच्या चौपट. पण ती गावाच्या मधल्या स्टेशनातून निघते आणि तिरुपती गावातल्या स्टेशनात उतरवते, आणि रोज असते.

शिक्षक : तू ‘रोज’ म्हणालास, तिथेच तर सगळे आहे. मला मंगळवारी निघायचे आहे आणि विमान गुरुवारी आहे, तर माझ्यासाठी तुझा एक तास चाळीस मिनिटांचा प्रवास दोन दिवस एक तास चाळीस मिनिटांचा होतो. अंतर आणि वेळ यांवर आपण इतके बोललो, पण आठवड्यात किती फेऱ्या, हा आकडा दोघांनीही घेतला नाही.

डिस्पॅचर : खरे आहे, सर. आमच्याकडे एकच विमान दिवसात पाच-सहा उड्डाणे करते. दोन उड्डाणांत पंचवीस-तीस मिनिटे थांबते. सकाळच्या पहिल्या फेरीला धुक्याने वीस मिनिटे उशीर झाला तर तो संध्याकाळपर्यंत मागे लागतो. विमान थोडे, फेऱ्या थोड्या. त्यामुळे एक फेरी रद्द झाली की पुढची सोय दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही पुढे. मोठ्या शहरात तासाभराने दुसरे विमान असते, इथे नसते.

वेळेवर पोचण्याची भारतीय मोजणी ठरलेल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर माफ करते. कोल्हापूर-तिरुपतीसारख्या मार्गावर नुसत्या वाऱ्यानेच तेरा मिनिटे इकडची तिकडे होतात, हे पाहता छापील वेळेत थोडी सूट आधीच धरलेली असते, आणि ती धरणे योग्यच आहे. कधी विमान ठरल्यापेक्षा दहा मिनिटे आधी पोचते, त्याचे कारण बहुधा वैमानिकाची घाई नसते. वारा पाठीशी असतो किंवा तिरुपतीच्या धावपट्टीवर सरळ शिरायला मिळालेले असते.

शिक्षकांनी शेवटी एक गोष्ट सोडली नाही. ६५७ हा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहावा, कारण त्यावरून मुलांना पृथ्वी कळते. डिस्पॅचरने त्याला हरकत घेतली नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की तिकिटावर आणि जाहिरातीत ब्लॉक टाइम असावा, विमानाचा प्रकार असावा आणि आठवड्यातले दिवस ठळक असावेत.

कोल्हापूर असो, नांदेड, जळगाव किंवा बेळगाव असो, प्रादेशिक विमानाचे तिकीट काढणाऱ्याने अंतर पाहून वेळेचा अंदाज बांधू नये. विमान पंख्याचे आहे की जेट, ते कोणत्या वारी आहे आणि चुकले तर पुढचे कधी, हे तिकीट खिडकीवर किंवा कंपनीकडे आधी विचारावे, आणि तिरुमलाच्या दर्शनाची वेळ विमान उतरण्याच्या छापील वेळेनंतर किमान तीन-चार तासांनीच ठेवावी.